पन्नास दिवस टिकलेली लाईट

सेलूत मोंढ्याच्या बाजाराकडं वळणाऱ्या रस्त्यावर, कापसाच्या गाड्यांची धूळ दिवसभर जिथं शटरवर बसते, तिथं सुकेशनीचं दुकान आहे. पाटीवर नुसतं ‘कॉम्प्युटर दुरुस्ती’ लिहिलंय, पण आत दुरुस्तीपेक्षा भानगडीच जास्त. कुणाला जिनिंगच्या काट्याचं वजन स्क्रीनवर आणून पाहिजे, कुणाला विहिरीवरची मोटार घरबसल्या चालू करून पाहिजे. ही बाई सीमध्ये प्रोग्राम लिहिते आणि ते करून देते. सी म्हणजे प्रोग्राम लिहायची जुनी, कडक भाषा. तुमची चूक ती पदरात घेत नाही. पूर्णेला रेल्वेत खलाशी असलेला तिचा बाप गाडीतल्या अनोळखी माणसांनाही सांगायचा, “आमची पोरगी मशीनसंगं बोलती.”

गिऱ्हाइकं होती, भरवसा ठेवणारी थोडी. “मॅडम, सर कुठं गेलेत?” असं विचारणारा एखादा हमखास यायचाच. त्याला ती म्हणायची, “सर ह्याच खुर्चीत बसलेत, बोला काय काम हाय.” अशी तोंडाळ बाई. आणि हीच तोंडाळ बाई एका गोष्टीवर तीन महिने तोंड शिवून बसली. ती गोष्ट सांगायची तर आधी तिच्या मामाची ओळख करून द्यायला पाहिजे.

मामाचं नाव सूर्यभान. झरीच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून आत त्याचं गाव. गावाचं नाव कशाला काढा, गावात माणसं अजून जिती हायेत. गावाला पाणी सोडायचं काम मामाकडं. टाकीखाली एकेका आळीचा एकेक व्हॉल, त्याला लोखंडी चाक. चाक फिरवलं की त्या आळीला पाणी. एके काळी मामा पक्का पिणारा. चाक फिरवायचं विसरून टाकीखालीच आडवा झालेला गावानं कैकदा बघितलेला. मग एका बुद्धपौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना दारू सोडायच्या पाचव्या शीलाशी तो थांबला, आणि सगळे पुढं गेले तरी त्यानं तेच शील पुन्हा एकदा मोठ्यानं म्हटलं. त्या दिवसापासून थेंब नाही. मामी मालनबाई, जी वाळून काडी झाली होती, तिच्या अंगावर मांस चढलं. गाव म्हणालं, सूर्यभान सुटला. पण सुटलेल्या माणसाला गाव सहजासहजी सोडत नसतं. ते टपून असतं.

तर, सरपंच आबासाहेबांनी ठरवलं की व्हॉलला मोटारी बसवायच्या आणि पाण्याच्या पाळ्या कॉम्प्युटरनं चालवायच्या. मामा लगेच पुढं सरसावला. “माझी भाची करती की! सेलूचा अख्खा मोंढा तिला इचारून चालतो.” थाप होती, पण मायेची. भाचीला काम मिळालं.

पंचायतीतलं मशीन म्हणजे कुणीतरी टाकून दिलेला, जुन्या विंडोजचा डबा. सुकेशनीनं आपल्या नव्या लॅपटॉपवर प्रोग्राम लिहून आणला, ह्या डब्यात घातला, आणि डब्यानं तो उघडायलाच नकार दिला. कारण असं की पाळी किती वेळ चालली हे मोजायला तिचा प्रोग्राम विंडोजमधलं एक फंक्शन, म्हणजे हाक मारली की ठरलेलं काम करून देणारा माणूसच म्हणा, मागत होता. मशीन चालू झाल्यापासून किती वेळ गेला, ते सांगणारं. नव्या विंडोजमध्ये ते आहे, जुन्यात नाहीच. आणि प्रोग्रामचा हट्ट असा की तो माणूस मला दारातच दाखवा, नाहीतर मी घरात पाऊल टाकत नाही.

आता नवं मशीन घ्या म्हटलं तर आबासाहेबांचं तोंड बारीक झालं. सुकेशनी म्हणाली, थांबा, ह्याचा हट्टच मोडते. आधी प्रोग्रामला आत येऊ द्यायचं, चालू होऊ द्यायचं. मग चालता चालता विंडोजला विचारायचं, “ह्या नावाचं फंक्शन हाय का तुझ्याकडं?” असलं तर विंडोज त्याचा पत्ता देतं. तो पत्ता फंक्शन पॉइंटर नावाच्या जागेत ठेवायचा आणि गरज पडेल तेव्हा त्या पत्त्यावर हाक मारायची. नसलं तर पत्ता रिकामा येतो, आणि रिकाम्या पत्त्यावर हाक मारली की प्रोग्राम जागीच आडवा होतो. म्हणून रिकामा आला तर त्या जागी आपण लिहिलेल्या फंक्शनचा पत्ता ठेवायचा. थोडक्यात काय, कायमचा माणूस नसला तर बदलीवाला उभा करायचा. प्रोग्रामला फरक कळत नाही, तो आपला हाक मारतो.

तिनं बदलीवाला लिहिला. तो जुन्या विंडोजच्या जुन्या घड्याळावरून वेळ सांगायचा. त्या घड्याळाला एक खोड होती. मशीन सलग पन्नासएक दिवस चालू राहिलं की ते भरतं आणि पुन्हा शून्यापासून मोजायला लागतं. सुकेशनीला ही खोड ठाऊक नव्हती असं समजू नका. चांगली ठाऊक होती. मामा शेजारी बशीतनं चहा पीत बसला होता, त्याला ती हसून म्हणाली, “मामा, तुमच्या गावात सलग पन्नास दिवस लाईट ऱ्हायलीय का कधी?”

“पन्नास तास म्हन की,” मामा म्हणाला, आणि दोघंही खो खो हसले.

लाईट गेली की मशीन बंद, मशीन बंद झालं की मोजणी पहिल्यापासून. खोड कधी उघडी पडणारच नव्हती. दोन ओळी जास्तीच्या लिहिल्या असत्या तर ती कायमची मोडली असती. नाही लिहिल्या. लोक देवावर ठेवत नाहीत तेवढा भरवसा ह्या बाईनं लाईट जाण्यावर ठेवला.

मशीन चालू झालं. पाळ्या वेळेवर जायला लागल्या. फक्त मामाचे हात शिवशिवायचे. पाळी संपून मोटार व्हॉल बंद करायला लागली की हा मधेच चाक धरायचा, “आगं, शेवटच्या घराला पोचलं न्हाई आजून.” एकदा त्या ओढाताणीत मोटारीच्या चक्राचा दातच तुटला. सुकेशनीला दुकान बंद ठेवून यावं लागलं, आणि ती चार लोकांसमोर मामावर कडाडली.

“मामा, मशीनच्या मधी हात घालायचा न्हाई! काई बी होऊ द्या, चाकाला हात लावायचा न्हाई. तुमी निवांत झोपा, मशीन बघतंय. कळलं का?”

“बरं बाई,” मामा म्हणाला. मघापासून चाकावर असलेला हात त्यानं काढून पायजम्याला पुसला.

पुढं उन्हाळ्याच्या तोंडावर पंचायतीवर सोलर बसलं, बॅटऱ्या आल्या. मामानंच खुशीत फोन केला. “आता मशीन बंदच पडत न्हाई बग. लाईट गेली तरी बी चालूच!” सुकेशनी “लय भारी” म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळली. तिच्या डोक्यात बदलीवाला आला नाही. पुढं कितीतरी वेळा तिनं तो फोन मनात परत घेतला. एवढं एक वाक्य मामानं कानात घातलं होतं, आणि आपण “लय भारी” म्हणालो!

वैशाखात मामाच्याच आळीतल्या दत्तरावांच्या मुलीचं लग्न निघालं. विहारासमोर मांडव, वऱ्हाड जिंतूरकडचं. आदल्या दिवशी टाकी काठोकाठ भरून ठेवली होती. पहाटे मशीननं खालच्या आळीचा व्हॉल उघडला, आणि पाळी चालू असतानाच घड्याळ भरलं आणि शून्यावर आलं. प्रोग्रामनं आपलं नेहमीचं गणित केलं, आत्ताच्या वेळेतून सुरुवातीची वेळ वजा. उत्तर आलं उणे. उणे म्हणजे पाळी संपायची तर लांबच, ती अजून सुरूच झाली नाही असा त्याचा समज. व्हॉल उघडाच राहिला. खालच्या आळीनं हंडे भरले, रांजण भरले, म्हशी धुतल्या, मोटारसायकली धुतल्या. पाणी जास्त आलं म्हणून तक्रार करायला कोण जातंय? उरलेलं सगळं ओढ्याला गेलं. मांडवात माणसं जमेपर्यंत टाकी कोरडी ठणठणीत, आणि विहिरीवरच्या मोटारीला लाईट यायची ती दुपारनंतर.

भर वैशाखात वऱ्हाड तहानेनं कासावीस. टँकर येईस्तोवर जिंतूरकरांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं. दत्तराव तसाच टाकीकडं आला. मामा टाकीखाली बसला होता.

“प्यालास न्हवं?” दत्तराव ओरडला. “सगळ्यांदेखत शील घेतलंस, आन् माझ्या लेकीच्या लग्नातच मोडायचं सुचलं व्हय रे तुला?”

मामा काही बोलला नाही. खाली बघत राहिला. गावाला आणखी काय पाहिजे? गप्प बसला म्हणजे प्यालाच असणार.

सुकेशनी दुसऱ्या दिवशी आली. मशीनसमोर बसली, स्क्रीनवरचा उणे आकडा बघितला. एका नजरेत कळलं तिला. बाहेर ओट्यावर आबासाहेब मामाला सांगत होते, “सूर्यभान, उद्यापासून किल्ल्या दुसऱ्याकडं दे.” आत ती दोन ओळी लिहीत होती. ज्या आधी लिहायच्या होत्या, त्याच. लिहून झाल्या, प्रोग्राम चालू केला, बाहेर आली.

“मशीनचं काई बिघडलंय का?” आबासाहेबांनी विचारलं.

आता सांगायचं होतं. तोंड उघडलंही तिनं. पण शेजारच्या सात गावांचं असंच काम तिला मिळायच्या बेतात होतं, आणि त्या गावांचे कारभारी लग्नाला आलेले, अजून ओट्यावरच बसलेले. एकदा चूक कबूल केली की ‘बाईला काय कळतंय मशीनमधलं’ म्हणायला ते मोकळेच. ती म्हणाली, “आता ठीक हाय.”

खोटं बोलली का? शब्दानं नाही. पण खोटं काय नुसतं शब्दानंच बोलतात? मामानं एकदा तिच्याकडं बघितलं आणि किल्ल्या काढून ओट्यावर ठेवल्या.

सात गावांचं काम मिळालं. दुकानात नवी खुर्ची आली, आणि त्या खुर्चीत बाईला चैन पडेना. कुणी “हुशार बाई” म्हणालं की अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. मामाचा फोन आला की कामात आहे म्हणून सांगायची. स्वतःला समजवायची, होईल थंड, गाव विसरेल. गाव कसलं विसरतंय!

पावसाळ्यात, वर्षावासाच्या दिवसांत आईनं दिलेलं लुगडं मामीला पोचवायला म्हणून ती गेली. विहारात ग्रंथवाचन चालू होतं. मामा नेहमी पुढं बसायचा, तो आता दाराशी, चपलांजवळ बसला होता. वाचन संपल्यावर दोघं घरी आले. उंबऱ्यात मालनबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी. तांब्या देता देता ती मामाच्या तोंडाजवळ आली आणि क्षणभर थांबली. मामानं तोंड उघडलं आणि “हाऽ” करून श्वास सोडला. मग तांब्या घेतला, चूळ भरली. दोघांनाही आता ह्याची सवय झाली होती. सुकेशनीला वाटलं, ह्यापेक्षा मामानं आपल्या कानाखाली दिली असती तर बरं झालं असतं.

“मामी, मामा प्याले नव्हते,” ती तिथंच म्हणाली. “माझा प्रोग्राम चुकला. कसूर माझी हाय.”

मालनबाईनं तिच्याकडं बघितलं. “तुझं प्रेम हाय मामावर, मला कळतंय बाई,” म्हणाली आणि चुलीकडं गेली. विश्वास ठेवला नाही. मामा मात्र हळूच म्हणाला, “ऱ्हाऊ दे गं. सात गावाचं काम जोरात चाललंय न्हवं तुझं?” सुकेशनीला वाटलं, मामाला आपण काय म्हणालो ते कळलंच नाही.

त्याच महिन्यातल्या ग्रामसभेत ती उभी राहिली. सगळं सांगितलं. प्रोग्राम विंडोजला नाव घेऊन कसं विचारतो, पत्ता कसा रिकामा येतो, बदलीवाला कसा उभा केला, त्याचं घड्याळ पन्नास दिवसांनी कसं शून्यावर येतं, आणि नंतर आपण ते गुपचूप कसं दुरुस्त केलं. लोक आधी गप्प ऐकत होते. मग दत्तराव उठला.

“म्हंजी तुज्या त्या बदलीवाल्याला पन्नासाच्या म्होरं मोजता येत न्हाई? आमच्या नातीला शंभरापतोर येतंय की, तिला ठिव कामाला!”

अख्खी सभा हसली. आबासाहेबही हसले, मग सावरून म्हणाले, “बाई, मामासाठी भाचीचा जीव तुटतोच. खाली बसा.”

बघा, चुकीला चूक म्हणायला निघालेल्या बाईवर कोणी विश्वास ठेवीना! वेळेवर बोलली असती तर ठेवला असता. तीन महिन्यांनी, त्यातून नात्यातली, कोण ठेवणार? सुकेशनी खाली बसली नाही.

“मग दाखवते,” ती म्हणाली. “तोच चुकीचा प्रोग्राम परत टाकते. सोलर हाय, मशीन बंद करू नका. पन्नास दिवसांनी तुमच्या डोळ्यांनी बघा. व्हॉल बंद झाला तर माझ्या तोंडाला काळं फासा.”

आबासाहेबांनी मान हलवली. तिनं वेळ मोजूनमापून दुपारकलती मशीन चालू केलं, म्हणजे घड्याळ भरेल ते सकाळी, खालच्या आळीच्या पाळीत, चार माणसांसमोर. आणि मग सुरू झालं वाट बघणं. आभाळ आलं की हिचं कामात लक्ष नाही, सोलर दमलं तर? बॅटरी उतरली तर? सेलूत लाईट गेली की ही झरीकडच्या दिशेला बघायची. जन्मभर लाईट जाते म्हणून शिव्या घातल्या, आता ती जाऊ नये म्हणून जीव टांगणीला. आपलाच प्रोग्राम बिघडावा म्हणून अशी आस लावून बसलेली दुसरी बाई परभणी जिल्ह्यात सापडायची नाही.

दसऱ्याच्या तोंडावर तो दिवस उगवला. टाकीखाली निम्मं गाव जमलं. आबासाहेब खुर्चीवर, दत्तराव हाताची घडी घालून उभा. मालनबाई बायांच्या मागं. मामाला आबासाहेबांनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. तो व्हॉलपाशी, पण जरा लांबच उभा राहिला. सुकेशनीनं टाकीला लागूनच असलेल्या पंचायतीच्या खिडकीतनं स्क्रीन बाहेर वळवून ठेवला होता.

व्हॉल उघडला. पाणी वाजायला लागलं. स्क्रीनवर पाळीची मिनिटं सरकत होती. मधेच आकडा उडाला आणि पुढं उणेची रेघ घेऊन आला. “आलं!” सुकेशनी म्हणाली, पण कुणाला काही कळलं नाही. पाळी संपायची वेळ झाली. मोटार हलली नाही. वेळ उलटून गेली. तरी हलली नाही. पाणी आपलं चालूच.

“हुईल हुईल, दम धरा,” दत्तराव म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, पण आवाज खाली आला होता. मग त्यानं हाताची घडी सोडली, डोक्यावरची टोपी काढली आणि मामाकडं न बघता म्हणाला, “सूर्यभान... चुकलं रे माझं.”

बायांच्या मागनं मालनबाई वाट काढत पुढं आली. नवऱ्याच्या तोंडाकडं नुसती बघत राहिली, आणि तिचा पदर डोळ्याला गेला.

सुकेशनीच्या मनावरचा धोंडा उतरला. पन्नास दिवसांत पहिल्यांदा तिनं पोटभर श्वास घेतला. झालं एकदाचं, मामा सुटला, आपणही सुटलो.

“आरं, बगत काय ऱ्हायलात?” आबासाहेब खुर्चीतनं उठले. “टाकी खाली हुईल पुन्ना! सूर्यभान, फिरव ते चाक!”

मामा पुढं झाला. त्यानं दोन्ही हात चाकावर ठेवले. पण चाक फिरवलं नाही. मान वळवून त्यानं खिडकीतल्या सुकेशनीकडं बघितलं.

“बाई,” त्यानं विचारलं, “आता लावू का हात?”

सुकेशनीला आधी अर्थच लागला नाही. मग लागला, आणि तिनं खिडकीचा गज घट्ट धरला.

“मामा... लग्नाच्या दिशी तुमी जागे हुता?”

“पानी वाजायलं तसा उठलोच की. आलो, आसाच हात ठिवला चाकावर.” मामा अगदी साध्या आवाजात सांगत होता. “पर तू म्हनली हुतीस, काई बी होऊ द्या, हात लावायचा न्हाई. म्हनलं, तिचं मशीन हाय, तिचा काईतरी हिशोब आसंल.”

“मग सांगितलं कामून न्हाई कुनाला? दत्तराव एवढं बोलला, तवा तरी!”

“काय सांगू? मशीन चुकलं म्हनून?” मामा म्हणाला. “तुझं सात गावाचं काम व्हायचं हुतं न्हवं.”

पाणी गटारीला लागलं होतं, ओढ्याकडं निघालं होतं. आबासाहेब एकदा मामाकडं, एकदा भाचीकडं बघत होते. मामाचे हात चाकावर तसेच, मान तशीच खिडकीकडं वळलेली. सुकेशनीच्या तोंडातनं शब्द फुटेना, आणि ती बोलल्याबिगर मामा काही चाक फिरवीना.